फुटबॉल स्पर्धेत वर्ण-जातीवरून शेरेबाजी आणि प्रेक्षकांचा गोंधळ : आधीच काय तयारी करावी?

मीनल_इंदिरानगर
नाशिकमध्ये हिवाळ्यात दोन दिवसांची सेव्हन्स (सात-सात खेळाडूंची) फुटबॉल स्पर्धा घ्यायचं चाललंय. सोळा संघ. नाशिक रोड, देवळाली कॅम्प, सातपूर, सिडको, शिवाय मनमाड आणि मालेगावहून संघ येतील असं धरलंय. दोन संघांत ईशान्येकडची मुलं आहेत, एका कॉलेजच्या संघात आफ्रिकी विद्यार्थी आहेत. फायनलला दोन हजारांपर्यंत माणसं येऊ शकतात.

स्थानिक स्पर्धेत बक्षिसं, जर्सी, पाहुणे, बॅनर यांवर महिनाभर बैठका होतात. कुणी खेळाडूच्या रंगावरून, चेहऱ्यावरून किंवा जातीवरून ओरडलं तर करायचं काय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. मला ते आधी लिहून घ्यायचं आहे. अशा वेळी सामना थांबवावा का? थांबवला आणि त्यानेच गर्दी भडकली तर? गेट, बॅरिकेड, स्वयंसेवक किती? जाणकारांनी नेमकं सांगा. "पोलिसांना कळवा" एवढं पुरणार नाही.

सातपूरकर
चांगला विषय. पण एक स्पष्ट सांगतो, ग्राउंडवर चिडवाचिडवी होणारच. प्रत्येक शेऱ्याला शिट्टी वाजली तर सामना रात्री दहाला संपेल. खेळाडूंनीही थोडं घट्ट व्हायला हवं.

शिट्टीवाले_काका
सातपूरकर, चिडवाचिडवी वेगळी आणि हे वेगळं. "पेनल्टी मारता येत नाही", "गोली झोपलाय", "रेफ्रीला चष्मा द्या" हे खेळावरचं बोलणं, ते चालू द्या. रंग, चेहरा, जात, धर्म, प्रांत यांवर गेलं की तो शेरा खेळावर राहत नाही. तो त्या माणसावर, त्याच्या घरच्यांवर आणि स्टँडमध्ये बसलेल्या त्याच्यासारख्या प्रत्येकावर असतो. रेफ्रीला ही रेघ ओळखायला दोन सेकंद लागतात.

मीनलताई, आता नियम. खेळाडूंच्या बाबतीत फुटबॉलच्या नियमावलीतला नियम १२ सरळ आहे: अपमानकारक किंवा शिवराळ भाषा वा हावभाव म्हणजे थेट लाल कार्ड. स्थानिक सामन्यांत सर्रास पिवळं दाखवतात, ते चूक आहे. बेंचवरच्या कोचलाही कार्ड दाखवता येतं. बेंचवरून कोण ओरडलं ते कळलं नाही, तर तिथे हजर असलेल्या सगळ्यांत वरिष्ठ कोचला ते कार्ड मिळतं. हे बैठकीत आधीच वाचून दाखवा, बेंच शांत राहतो.

प्रेक्षकांच्या बाबतीत नियम ५ प्रमाणे रेफ्री बाहेरच्या अडथळ्यामुळे सामना थांबवू शकतो, काही वेळ स्थगित करू शकतो किंवा कायमचा सोडून देऊ शकतो. फिफा आणि युएफा (युरोपची फुटबॉल संघटना) यांची तीन पायऱ्यांची पद्धत यावरच उभी आहे:

पहिली : खेळ थांबवायचा, माइकवर घोषणा.
दुसरी : दोन्ही संघ ड्रेसिंग रूममध्ये, पुन्हा घोषणा.
तिसरी : सामना रद्द.

२०२४ च्या बँकॉक काँग्रेसमध्ये फिफाने खेळाडूसाठी खूणही ठरवली, दोन्ही मनगटं एकमेकांवर फुलीसारखी धरायची. ती तुमच्या स्पर्धेत जशीच्या तशी घ्या. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीच न येणाऱ्या पोरालाही रेफ्रीपर्यंत पोचता येतं आणि रेफ्रीला "मला ऐकू आलं नाही" म्हणता येत नाही.

सातपूरकर
काका, रेघ पटली. पण पहिली पायरी झाल्यावर मुद्दाम जास्त ओरडणारेही असतात. थांबवणं म्हणजे त्यांना हवं ते देणं नाही का?

देवळाली_कॅम्प
सोफियाचं उदाहरण बघा. १४ ऑक्टोबर २०१९, बल्गेरिया विरुद्ध इंग्लंड. प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी ओरड्यामुळे पहिल्या हाफमध्ये सामना दोनदा थांबवला. पण दुसऱ्या पायरीप्रमाणे संघ ड्रेसिंग रूममध्ये पाठवले नाहीत. इंग्लंडने ६-० जिंकला. नंतर बल्गेरियाला दोन सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्याची शिक्षा झाली, त्यातला एक निलंबित, आणि ७५,००० युरो दंड. म्हणजे थांबवल्याने लगेच शांतता होतेच असं नाही. पण त्यामुळे सगळ्या जगाने बघितलं आणि त्यांच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला.

जानेवारी २०२४ मध्ये इटलीतल्या उदिनेत मिलानचा गोलकीपर माइक मेन्यान वर्णद्वेषी शेऱ्यांची तक्रार घेऊन रेफ्रीकडे दोनदा गेला. दुसऱ्यांदा त्याच्याबरोबर सगळा संघ बाहेर गेला. काही मिनिटांनी परत आले, सामना पूर्ण झाला, मिलानने ३-२ ने जिंकला. इथे गर्दी भडकली नाही, माझ्या मते सगळा संघ एकत्र गेला म्हणून. एकटा खेळाडू तावातावाने निघाला की त्याच्यावरच आणखी ओरडा होतो.

शिट्टीवाले_काका
हेच सांगायचं होतं. दुसऱ्या पायरीत संघ *बाहेर* म्हणजे प्रेक्षकांच्या नजरेआड. स्थानिक सामन्यात संघ टचलाइनवर (मैदानाच्या लांब बाजूच्या रेघेवर) उभे राहतात, पाण्याची बाटली तोंडाला लावतात आणि प्रेक्षकांशी हुज्जत घालतात. मग थांबवून फायदा काय? ड्रेसिंग रूम नसेल तर एक मंडप मैदानापासून दूर, तिन्ही बाजूंनी कनात लावून. दहा मिनिटं. दोघांचे मंडप वेगळे.

सातपूरकरांना उत्तर: थांबवल्याने गर्दी बिघडते ती तीन कारणांनी. का थांबलं ते लोकांना कळत नाही. किती वेळ थांबणार ते कळत नाही. आणि त्या वेळात डीजे किंवा ढोल चालू राहतो. ही तिन्ही कारणं आयोजकांच्या हातात आहेत.

खेळ चालू असताना थांबवला असेल तर पुन्हा सुरुवात ड्रॉप बॉलने, म्हणजे रेफ्री हातातून चेंडू खाली सोडतो. चेंडू ज्या संघाकडे होता किंवा जाणार होता त्याला, ते स्पष्ट नसेल तर शेवटचा स्पर्श ज्या संघाचा त्याला. पेनल्टी एरियात थांबला असेल तर बचाव करणाऱ्या गोलीला. यावरूनच अर्धी भांडणं होतात, म्हणून लिहिलं.

ढोलवाला_पंचवटी
ढोलाचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. आपला नाशिक ढोल आता केरळातल्या गॅलरीतही वाजतो, त्याचा अभिमान आहेच. पण पथक म्हणजे गर्दीचा ॲक्सिलरेटर, त्याला ब्रेक हवा. पथकप्रमुखाशेजारी एक स्वयंसेवक कायम उभा. रेफ्रीने खूण केली की प्रमुखाने टिपरू आडवं धरून वर करायचं, सगळे ढोल-ताशे बंद. हे सामन्याआधी एकदा वाजवून-थांबवून बघा, कारण ताशा नेहमी दोन ठोके उशिरा थांबतो. पथक गोलपोस्टमागे बसवू नका. गोलीच्या कानाशी ताशा आणि त्याच्या आडून शेरे, म्हणजे कोण बोललं ते कधीच सापडणार नाही. मध्यरेषेजवळ बसवा.

डीजे असेल तर त्याचा मास्टर व्हॉल्यूम घोषणा करणाऱ्याच्या हाताशी. लाइट गेली तर माइकही जातो, म्हणून सेलवर चालणारे दोन मेगाफोन वेगळे ठेवा.

गंगापूररोड_नाका
कॉमेंट्रीवाल्याबद्दल कुणीच बोललं नाही! गल्ली स्पर्धांत अर्धी आग तोच लावतो. "हा बघा आपला टारझन", "हा चायनावाला" वगैरे त्याच्याच तोंडून निघतं, लोक हसतात आणि प्रेक्षकांना परवाना मिळतो. त्याला कागदावर लिहून द्या: खेळाडूचा उल्लेख फक्त नावाने किंवा जर्सी नंबरने. आणि शिस्तीच्या घोषणा त्याच्याकडून करवू नका, आवाज वेगळा हवा.

मीनल_इंदिरानगर
कॉमेंट्रीचं अगदी पटलं, हे यादीत नव्हतंच. मंडप, ढोलाची खूण, मेगाफोन सगळं घेतलं. सामना तिसऱ्या पायरीला गेला तर निकाल काय द्यायचा? आणि शिक्षा संघाला की माणसाला?

गंगापूररोड_नाका
संघाला. ज्यांच्या समर्थकांनी केलं त्यांना ०-३ पराभव आणि प्रवेश फीबरोबर घेतलेली तीन हजारांची अनामत जप्त. पैशाला हात लागल्याशिवाय कुणी आपल्या पोरांना आवरत नाही.

खेळाडू_नं_६
पूर्ण असहमत. समोरच्या संघाच्या बाजूला जाऊन कुणी मुद्दाम ओरडलं तर? हरणाऱ्या संघाला सामना फुकट मिळवायचा हा राजमार्ग होईल. आणि तीन हजार अनामत वस्तीतल्या संघाला जमत नाही. ती पोरं बूट आळीपाळीने वापरतात. ज्यांना शिव्या पडतात तेच संघ तुमच्या अनामतीमुळे स्पर्धेबाहेर राहतील.

देवळाली_कॅम्प
हा वाद वरच्या स्तरावरही मिटलेला नाही. २१ मे २०२३ ला स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया स्टेडियममध्ये रियाल माद्रिदचा कृष्णवर्णीय खेळाडू व्हिनिशियस ज्युनियर याला जे ऐकावं लागलं, त्यावर दोन्ही वाटांनी कारवाई झाली. क्लबचा एक स्टँड आधी पाच सामन्यांसाठी बंद आणि ४५,००० युरो दंड, अपिलात तीन सामने आणि २७,००० युरो. वर्षभराने, जून २०२४ मध्ये, ओळख पटलेल्या तिघांना न्यायालयाने आठ महिन्यांची कैद आणि दोन वर्षांची स्टेडियमबंदी दिली. फुटबॉल स्टेडियममधल्या वर्णद्वेषासाठी स्पेनमधली ती पहिली शिक्षा.

माझं मत, माणूस शोधून केलेली कारवाई जास्त टिकते. पण क्लबवर टांगती तलवार नसेल तर क्लब माणूस शोधायला मदत करत नाही. युएफाचा नियम दोन्ही करतो: खेळाडू किंवा पदाधिकाऱ्याने केलं तर किमान दहा सामने बंदी. प्रेक्षकांनी केलं तर स्टेडियमचा काही भाग बंद, पुन्हा केलं तर एक सामना रिकाम्या मैदानात आणि ५०,००० युरो दंड.

शिट्टीवाले_काका
स्थानिक स्पर्धेला झेपेल असं: अनामत नको. प्रत्येक संघाने दोन "समर्थक प्रमुख" नावानिशी द्यायचे, त्यांचे फोटो आणि नंबर आयोजकांकडे. पहिली पायरी झाली की हे दोघे स्वयंसेवकाबरोबर त्या जागी जातात आणि बोलणाऱ्याला बाहेर काढतात. काढला तर संघावर काही नाही. लपवला, पाठीशी घातला, तर संघाची जबाबदारी.

सामना रद्द झाला तर निकाल मैदानावर जाहीर *करू नका*. फक्त "सामना संपला, निर्णय समिती लेखी देईल". हजार माणसं उभी असताना ०-३ जाहीर केलं की जे थांबवायचं होतं तेच सुरू होतं. निर्णय दुसऱ्या दिवशी, तीन जणांची समिती, त्यात खेळणाऱ्या संघांपैकी कुणी नको. नं. ६ ची भीती खरी आहे, म्हणून रद्द म्हणजे आपोआप हार असा नियम लिहू नका.

खेळाडू_नं_६
हे चालेल. समर्थक प्रमुख त्या वस्तीतला ज्याचा शब्द चालतो तोच हवा, संघमालकाचा ड्रायव्हर नको.

काळाकोट_सीबीएस
कायद्याचं थोडं, कारण यात गोंधळ फार आहे.

वांशिक शेरेबाजी एवढ्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कलम नाही. २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यावर बेझबरुआ समितीने तसं कलम घालायची शिफारस केली होती. भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे (जुनं १५३अ): धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात यांवरून गटांमध्ये वैर पसरवणं. दखलपात्र आहे. पण त्यात गटागटांत वैर पसरवणं दाखवावं लागतं. एकाने एका खेळाडूला घातलेली शिवी बहुतेक वेळा कलम ३५२ मध्ये जाते (जुनं ५०४), आणि ते अदखलपात्र. म्हणजे ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते, इतकंच. आफ्रिकी विद्यार्थ्याच्या बाबतीत ही अडचण खरी आहे.

खेळाडू अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि चारचौघांत जातीवरून अपमान झाला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर) आणि (एस). मैदान ही लोकांच्या नजरेतली जागा आहेच. ईशान्येकडचे बरेच खेळाडू अनुसूचित जमातीचे असतात. "दुसऱ्या राज्यातला आहे, इथे लागू नाही" असं सांगितलं जातं, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये ते मोडीत काढलं आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये ज्या शहरात झाला, तिथल्या आयोजकांना हे कलम तरी तोंडपाठ हवं.

पुरावा: फक्त प्रेक्षकांवर रोखलेले दोन फोन, तिवईवर, एकेका बाजूला एक. सामन्याआधी दोन्ही फोनचं आणि रेफ्रीचं घड्याळ जुळवा. मूळ फाइल तशीच जपा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत लहान होते आणि मूळ माहिती जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. आणि क्लिप सोशल मीडियावर टाकू नका. त्या मुलाचा अपमान शहरभर पुन्हा पुन्हा वाजत राहतो.

सातपूरकर
हे माहीत नव्हतं, धन्यवाद वकीलसाहेब. इंग्लंडमध्ये स्वतंत्र कायदा आहे ना?

देवळाली_कॅम्प
हो. १९९१ चा फुटबॉल ऑफेन्सेस ॲक्ट. वस्तू फेकणं, वर्णद्वेषी घोषणा, मैदानात घुसणं, तिन्ही वेगळे गुन्हे. सुरुवातीला घोषणांच्या कलमात "इतरांबरोबर मिळून" अशी अट होती, त्यामुळे एकटा ओरडणारा सुटायचा. १९९९ मध्ये ती काढली. शिवाय तीन ते दहा वर्षांची मैदानबंदी, आणि २०२२ पासून ऑनलाइन द्वेषासाठीही ती लागू करता येते. २०२१ च्या युरो फायनलनंतर इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सांचो आणि साका या कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल ऑनलाइन जे टाकलं गेलं त्यानंतरचा हा बदल.

मिसळ_मखमलाबाद
मिसळीचा स्टॉल कुठे असणार ते कुणी सांगेल का? पोट भरलेली गर्दी शांत असते हा माझा मुद्दा :)

आराखडा
मिसळ जरूर ठेवा, पण गेटपासून लांब आणि एकाच कोपऱ्यात. गेटजवळ स्टॉल म्हणजे बाहेर पडायच्या वाटेत रांग, टेबलं, सिलेंडर आणि उकळता कट. पाण्याच्या बाटल्या विकू नका, वीस लिटरचे जार आणि कागदी पेले. भरलेली बाटली हे फेकायला सगळ्यात सोपं हत्यार. आदल्या दिवशी मैदानाच्या कडेची खडी, विटांचे तुकडे, तुटकी फरशी उचलून घ्या. उद्घाटनाचे नारळ फोडून झाले की करवंट्यासुद्धा.

मीनलताई, गेट किती आणि रुंदी किती? टेपने मोजून सांगा.

मीनल_इंदिरानगर
रस्त्याकडचं मोठं गेट ३ मीटर, दोन पल्ल्यांचं, पण नेहमी एकच पल्ला उघडतात. मागे एक लहान गेट १ मीटर. बाकी दोन बाजूंना भिंत, एका बाजूला जाळीचं कुंपण.

आराखडा
मग हिशोब बघा. ब्रिटनमध्ये मैदानांसाठी "ग्रीन गाइड" वापरतात. १९७१ च्या ग्लासगोतल्या आयब्रॉक्स स्टेडियम दुर्घटनेत ६६ माणसं गेली, त्यानंतर १९७३ मध्ये ते निघालं. त्यातला दर: सपाट जागेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडतात, पायऱ्यांवर ६६. साधारण आठ मिनिटांत मैदान रिकामं व्हायला हवं.

तुमचं आत्ताचं: दीड मीटर (एक पल्ला) + १ = २.५ मीटर. मिनिटाला २०५, आठ मिनिटांत १,६४०. दोन हजार बसत नाहीत. दोन्ही पल्ले उघडले तर ४ मीटर, ३२८, सहा-सव्वासहा मिनिटं. कागदावर जमलं. पण मारामारी किंवा आग मोठ्या गेटपाशीच झाली तर? उरलं १ मीटर, आठ मिनिटांत ६५६ माणसं. म्हणून जाळीच्या कुंपणाचा अडीच मीटरचा भाग दोन दिवसांसाठी उघडून घ्या. मग मोठं गेट गेलं तरी ३.५ मीटर, मिनिटाला २८७, सात मिनिटांत सगळे बाहेर. हे काम झाल्याशिवाय दोन हजारांची परवानगी मागू नका.

आत घेताना: पास बघणाऱ्या एका रांगेतून तासाला जास्तीत जास्त ६६० धरतात. दीड हजारांना दोन रांगांत सुमारे ६८ मिनिटं लागतील, म्हणून गेट दीड तास आधी उघडा. उशीर झाला तर बाहेरची रांग गोलचा आवाज ऐकून ढकलायला लागते.

आराखडा
उभं राहण्याच्या जागेचं राहिलं. दोन्ही टचलाइन साठ-साठ मीटर, पाच मीटर खोली, म्हणजे ६०० चौ. मी. सपाट मैदानावर चौ. मी.ला अडीच माणसांपेक्षा जास्त नको, म्हणजे १,५००. (ग्रीन गाइडचा कमाल आकडा १० चौ. मी.ला ४७, पण तो पायऱ्यांच्या बांधीव टेरेससाठी.) दोन हजारांसाठी खोली सात मीटर करावी लागेल आणि मागच्याला दिसणार नाही. दिसलं नाही की तो पुढे रेटतो, आणि पुढचा बॅरिकेडवर. गर्दी रेटते ती बहुतेक वेळा रागाने नाही, न दिसल्यामुळे. उपाय साधा: पुढच्या दोन मीटरवर ताडपत्री, तिथे सगळे बसलेले. मागचे उभे. आणि पास १,५०० च छापा.

लाकडी तात्पुरती गॅलरी नको. मार्च २०२२ मध्ये केरळातल्या मलप्पुरममध्ये सेव्हन्स सामन्यालाच ती कोसळली आणि पुष्कळ माणसं जखमी झाली.

खेळाडू_नं_६
त्यापेक्षा बाहेरच्या संघांच्या समर्थकांना बंदीच घालावी का? एकाच बाजूचे लोक, भांडणच नाही.

देवळाली_कॅम्प
१ ऑक्टोबर २०२२, कंजुरुहान, इंडोनेशिया. पाहुण्या संघाच्या समर्थकांना बंदीच होती. स्टेडियममध्ये फक्त अरेमाचे, म्हणजे घरच्या संघाचे लोक. घरचा संघ २-३ ने हरला, काही जण मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही स्टँडकडे. लोक दारांकडे पळाले, काही दारं बंद किंवा अरुंद. १३५ माणसं गेली. फिफाच्या सुरक्षा नियमांत अश्रुधुराला मैदानात मनाई आहे. लिमा १९६४, अक्रा २००१, त्या स्टेडियम दुर्घटनांतही चेंगराचेंगरीची सुरुवात अश्रुधुरानेच झाली होती.

आपल्या देशातलं: १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. मैदानावरची मारामारी स्टँडमध्ये गेली, १६ प्रेक्षकांचा जीव गेला.

आणि इंग्लंडमधलं हिल्सबरो स्टेडियम, १९८९. चेंगरून ९७ माणसं गेली. कित्येक वर्षं दोष प्रेक्षकांवर टाकला गेला. २०१६ च्या ज्युरीने स्पष्ट केलं की चूक त्यांची नव्हती. आधीच भरलेल्या जाळीबंद भागात आणखी माणसं सोडली गेली आणि पुढे कुंपण होतं. प्रेक्षक म्हणजे संभाव्य दंगलखोर, असं धरून बांधलेल्या जाळीनेच माणसं मारली.

काळाकोट_सीबीएस
आपल्याला लांब जायची गरज नाही. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थ, पंचवटीतला अरुंद रस्ता, चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. तिथे कुणी दंगल करत नव्हतं. आता पुढचा सिंहस्थ आलाय, शहरभर गर्दीचं नियोजन चालू आहे. एकमार्गी वाट हे नाशिककरांना समजावून सांगावं लागत नाही, तीच पद्धत मैदानावर लावा: येताना एका बाजूने, जाताना दुसऱ्या.

सातपूरकर
म्हणजे बॅरिकेड लावायचंच नाही का? मग मैदानात घुसतील.

आराखडा
लावायचं, पण उघडणारं. कमरेइतकं, आणि दर १५ मीटरला दीड मीटरची फट, तिथे फक्त दोरी आणि एक स्वयंसेवक. रेटा आला की दोरी सोडायची, माणसं मैदानात येऊ द्यायची. खेळ थांबला तर पुन्हा सुरू करता येतो. बल्ल्या आणि काथ्याने घट्ट बांधलेला कठडा नको, तो सुटतही नाही आणि मोडला तर टोकं पोटात घुसतात.

स्वयंसेवक: साध्या सामन्यांना २५० माणसांमागे एक, फायनलला १०० मागे एक, म्हणजे १,५०० ला पंधरा. तोंड प्रेक्षकांकडे, पाठ मैदानाकडे. खेळ बघणारा स्वयंसेवक म्हणजे जाकीट घातलेला प्रेक्षक. दोन बाया किंवा मुली प्रत्येक बाजूला हव्यातच. लहान गेटवर सगळ्यात खमका माणूस. २०२१ च्या युरो फायनलला लंडनच्या वेम्बलीवर विनातिकीट जमाव दिव्यांगांच्या वाटेवरून आणि आपत्कालीन दारांतून आत घुसला होता, मुख्य फिरत्या दारांवरूनच नाही.

ढोलवाला_पंचवटी
समर्थक समोरासमोरच्या टचलाइनवर ठेवा, आणि दोन्ही गोलमागे कुणी नको. गोली एकटा, पाठमोरा उभा असतो, सगळ्यात जास्त त्यालाच ऐकावं लागतं. फायनल संपल्यावर हरलेल्या बाजूला आधी बाहेर सोडा, जिंकलेल्यांचा ढोल तोवर मैदानातच वाजू दे. रस्त्यावर गाठ पडायला नको.

गंगापूररोड_नाका
फायनलची वेळ दुपारी साडेतीन ठेवा. अंधारात कोण बोललं, कोणी फेकलं काहीच दिसत नाही, आणि दारू पिऊन येणारे संध्याकाळी जास्त.

अनामतीचा माझा हट्ट सोडतो, समर्थक प्रमुखांची कल्पना जास्त बरी आहे. पण स्पर्धेतून काढलेल्या माणसाचं नाव पुढच्या वर्षीच्या आयोजकांपर्यंत जायला हवं, नाहीतर बंदी दोन दिवसांची.

मीनल_इंदिरानगर
जाळीच्या कुंपणासाठी मैदानाच्या मालकांकडे अर्ज टाकते. पास १,५००. घोषणेचा मसुदा केला आहे, बघा:

"कृपया लक्ष द्या. सामना थांबवला आहे. पूर्वेच्या बाजूने खेळाडू क्रमांक __ ला त्याच्या रंगावरून हिणवलं गेलं आहे. असं पुन्हा झालं तर दोन्ही संघ दहा मिनिटं बाहेर जातील. त्यानंतरही झालं तर सामना रद्द होईल."

शिट्टीवाले_काका
दोन बदल. बाजू सांगू नका. "पूर्वेची बाजू" म्हटलं की पश्चिमेची बाजू हुर्यो करते. जिथून आवाज आला तिथे समर्थक प्रमुख आणि स्वयंसेवक गेलेच आहेत, लोकांना दिसतं. आणि खेळाडूचा नंबर काढा. हजार माना त्याच्याकडे वळतात.

खेळाडू_नं_६
नंबर काढाच. पण घोषणेआधी कॅप्टनने त्या खेळाडूला विचारावं, खेळायचं आहे की थोडा वेळ बाहेर बसायचं आहे. सेव्हन्समध्ये रोलिंग बदली असते (बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो), संघाचं नुकसान होत नाही. आणि "बाहेर बस" असं त्याला सांगायचं नाही, फक्त विचारायचं.

काळाकोट_सीबीएस
"रंगावरून" एवढंच ठेवू नका. "वर्ण, जात, धर्म किंवा प्रांत यांवरून" असं सगळ्या वेळी तेच वाक्य. प्रत्येक प्रसंगाला घोषणा करणारा वेगळं काही जुळवत बसला की चुकीचा शब्द जातो.

मीनल_इंदिरानगर
सुधारलेला:

"सामना थांबवला आहे. एका खेळाडूला वर्ण, जात, धर्म किंवा प्रांत यांवरून हिणवलं गेलं आहे. पुन्हा झालं तर दोन्ही संघ दहा मिनिटं बाहेर जातील. त्यानंतरही झालं तर सामना इथेच संपेल. जागेवरच थांबा. सगळी गेट उघडी आहेत."

शेवटची दोन वाक्यं आराखडा यांच्या मुद्द्यावरून. हिंदीतही करते, मालेगाव-मनमाडच्या मंडळींसाठी.

आराखडा
उत्तम. फक्त ती वाचण्याआधी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघू दे की सगळी गेट खरंच उघडी आहेत, आणि किल्ल्या कुलपाला नाहीत, गेटवरच्या माणसाच्या खिशात आहेत.